दाजींची न्हाणी

दाजी कुणाच्याही घरी गेले की चपला काढता काढता विचारायचे, "बाथरूम कुठं हाय?" यजमानांना वाटायचं, वय झालंय, घाई लागली असेल. ते धावत जाऊन दिवा लावून द्यायचे. दाजी आत जायचे आणि बराच वेळ बाहेरच यायचे नाहीत. आतून भिंतीवर थापट्या मारल्याचे, नळ उघडल्या-मिटल्याचे आवाज येत राहायचे. एकदा मोहोळला नात्यातल्या एका मयताच्या घरी भेटायला गेलो होतो. सगळे बाहेर सतरंजीवर माना खाली घालून बसलेले, आणि दाजी गायब. शोधायला गेलो तर हे गृहस्थ बाथरूममध्ये उकिडवे बसून फरशीवर वितांनी माप घेत होते. मला बघून ओशाळणं राहिलं बाजूला, उलट म्हणाले, "मास्तर, हितला उतार बघा की. पाणी कसं सरळ जायलंय. आपल्याकडं तळं साचतंय." मी दंडाला धरून त्यांना बाहेर आणलं आणि सतरंजीवर बसवलं.

मास्तर म्हणजे मी. शाळेत शिकवत होतो तोवर आणि निवृत्त झाल्यावरही दाजींनी मला दुसऱ्या नावाने कधी हाक मारली नाही. दाजी हे माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे यजमान. सोलापुरात मंगळवार पेठेत त्यांचं भुसार मालाचं दुकान होतं. मुलगा महेश शिकून पुण्याला नोकरीला लागला, तेव्हा दुकान त्यांनी काढून टाकलं, पण घर तेच ठेवलं. बुटके, जाड भिंगाचा चष्मा, कपाळावर विभूतीच्या तीन रेघा आणि बोलताना दर दोन वाक्यांना एक 'की'. आयुष्यभर त्यांनी डाळी पाहिल्या. बाथरूम पाहायची हौस त्यांना जन्मजात नव्हती. अक्काच्या अंगावरून वारं गेलं, डावा हात आणि डावा पाय लुळा पडला, त्यानंतरची ही गोष्ट.

आमच्यात सकाळ कशी असते हे इथे सांगायला हवं. आधी आंघोळ, मग गळ्यातलं लिंग डाव्या तळहातावर घेऊन पूजा, आणि त्यानंतरच तोंडात घास. अक्काने हा क्रम लहानपणापासून कधी मोडला नव्हता. ताप असला तरी ती आंघोळ करायची, आणि कुणी रागावलं तर सरळ कानाडोळा करायची. दवाखान्यातून घरी आल्यावर तिचा पहिला प्रश्न हात कधी हलेल हा नव्हता. आंघोळीचं कसं करायचं, हा होता.

आणि त्या घरातली न्हाणी! सोलापुरात नळाला रोज पाणी येत नाही हे सोलापूरकराला सांगायला नको. घरोघरी पिंपं, टाक्या, हंडे. दाजींच्या वडिलांनी त्याच्यावर उपाय म्हणून न्हाणीतच शहाबादी फरशीचा हौद बांधून घेतला होता. न्हाणी जिन्याखालची, त्यातली अर्धी हौदाने खाल्लेली. उरलेल्या पट्टीत गुडघे पोटाशी घेतले तर एक माणूस बसायचा. दार आत उघडायचं, म्हणून आधी आत शिरायचं, हौदाला चिकटून उभं राहायचं, दार लावायचं आणि मग खाली बसायचं. धडधाकट माणसं ही कसरत वर्षानुवर्षं करत होती, कुणाला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं. मीही लहानपणी सुट्टीत गेलो की त्याच हौदात डोकं बुडवून मार खाल्लेला आहे.

आता आत दोन माणसं हवी होती, एक आंघोळ करणारं आणि एक घालणारं. दोन माणसं आत गेली की दार लागत नव्हतं. दाजी धोतर वर खोचून एक पाय न्हाणीत आणि एक पाय स्वयंपाकघरात ठेवून अक्काच्या अंगावर पाणी ओतायचे. स्वयंपाकघर म्हणजे त्या घराचा रस्ताच, कुणालाही मागच्या अंगणात जायचं तर तिथूनच जावं लागे. अक्काने काही दिवस ते चालवून घेतलं. मग एका सकाळी म्हणाली, "नको." आंघोळ नाही, म्हणून पूजा नाही, म्हणून जेवण नाही. दुसऱ्या दिवशीही तेच झालं, तेव्हा दाजींनी मला फोन करून बोलावून घेतलं.

मी गेलो तेव्हा अक्का कॉटवर भिंतीकडे तोंड करून पडली होती. मी समजावायला लागलो, डॉक्टर, औषधं, अशक्तपणा, जे जे सुचलं ते. तिने सगळं ऐकून घेतलं. तिचं बोलणं जरा जड झालं होतं, पण अर्थ स्वच्छ होता. "सत्तरी आली माझी. आजवर ह्यांनीसुदीक मला असं उजेडात बघितलं न्हवतं. आता दूधवालीनंबी बघायचं का?" दाजी उंबऱ्यावर बसले होते. ते उठले, आतून एक चादर आणली, दोरी बांधून ती न्हाणीसमोर टांगली. त्या दिवशी अक्का चादरीआड न्हाली आणि चार घास जेवली. मला पोचवायला रस्त्यापर्यंत आले तेव्हा दाजी म्हणाले, "चादर वाऱ्यानं हलतीया, मास्तर. माणसाला दार लावून घ्यायला एक तरी जागा पाहिजे की. हिला हिच्या हातानं आंघोळ करता आली पाहिजे. आतनं कडी लावून."

तेव्हापासून ते लोकांच्या बाथरूममध्ये शिरायला लागले. अकलूजला पाहुण्यांच्या नव्या बंगल्यातला आडवा दांडा त्यांना आवडला, पण तो खांद्याच्या उंचीवर होता. "बसलेल्या माणसाचा हात कुटं पोचतोय?" असं म्हणून त्यांनी बंगलेवाल्यालाच झापलं. लग्नाच्या कार्यालयात त्यांनी बायकांच्या बाजूचं बाथरूम बघायचा हट्ट धरला आणि बायकांनी आम्हाला तिथून जवळजवळ हाकलूनच दिलं. मला लाज वाटायची. चिडून मी म्हणायचो, "दाजी, एखादा इंजिनिअर गाठा आणि सुटा एकदाचे." ते म्हणायचे, "इंजिनेर काय तुमच्या अक्काला ओळखतोय व्हय?"

आराखडा त्यांनी परातीत काढला. खरंच परातीत. जन्मभर डाळींत हात घातलेला माणूस, कागद-पेन्सिल त्यांच्या हाताला येत नसे. परातीत तूरडाळ पसरून बोटाने भिंती ओढायच्या. हरभरा म्हणजे नळ. शेंगदाणा म्हणजे अक्का. मसुराची ओळ म्हणजे दांडा. अक्का कॉटवर उशीला टेकून बसायची आणि परात तिच्या मांडीवर. ती उजव्या हाताच्या एका बोटाने हरभरा खाली सरकवायची. दाजी तो वर न्यायचे. ती परत खाली आणायची. "अगं, नळ इतका खाली आला तर बादली कुटं बसंल?" "बादली नको. मी तांब्या धरते." मग दोघांची कानडीत जुंपायची आणि मी चहा प्यायचो. वारं गेल्यानंतर अक्काला हसताना मी पहिल्यांदा पाहिलं ते त्या परातीवर वाकलेली असताना. शेंगदाणा दाजींनी बोलता बोलता तोंडात टाकला होता.

काम उन्हाळ्यात काढलं. हौद फोडायला सुरुवात झाली त्या सकाळी दाजी बाहेर कट्ट्यावर जाऊन बसले. पहिला घाव पडला, तसा त्यांनी चष्मा काढून धोतराच्या सोग्याने पुसला आणि परत घातला. वडिलांच्या हातची वस्तू ती. गच्चीवर प्लास्टिकची काळी टाकी आली, हौदाची जागा मोकळी झाली. तरी जागा पुरेना म्हणून त्यांनी शेजारची कोठी, जिथे दुकानाचा शिल्लक बारदाना, म्हणजे रिकामी पोती, अजून रचून ठेवला होता, ती अर्धी तोडून न्हाणीत घेतली. हौद होता तिथे बसायला फरशीचा कट्टा, उजव्या हाताला नळ, त्याच्या खाली तांब्या ठेवायला कोनाडा, समोर उठताना धरायला दांडा. खिडकी फक्त वर, छताखाली, छोटी, बाहेरून कुणाला काही दिसू नये अशी. मिस्त्री दखनी बोलणारा, जिभेचा तिखट. दोघांचं रोज वाजायचं. मध्येच तो थापी टाकून निघून गेला, तेव्हा दाजींनी त्याच्या घरी जाऊन, त्याच्याच घरचा चहा पिऊन त्याला परत आणलं.

फक्त दाराच्या बाबतीत दाजींनी कुणाचं ऐकलं नाही. मिस्त्री म्हणाला, "काका, दरवाजा बाहर को खोलो. अंदर खुला तो जगा जाती." त्याचं म्हणणं सरळ होतं. पण न्हाणीसमोर, स्वयंपाकघराच्या पलीकडच्या भिंतीत देव्हारा होता. दार बाहेर उघडलं तर ते थेट देवाच्या तोंडावर उघडणार. दाजींनी कानाला हात लावला. "आंगुळीच्या घराचं दार देवाच्या तोंडावर? आमच्यात न्हाय चालत." देव्हारा हलवा म्हटलं, तर तोही त्यांच्या आईने बसवलेला. अक्कालाही दार बाहेर नको होतं. आणि खरं सांगायचं तर मलाही त्यात काही गैर वाटलं नाही. आमच्या कुठल्याही घरात जा, हेच उत्तर मिळालं असतं. दार आत उघडणारंच बसलं. तेही पाण्याने फुगू नये म्हणून लोखंडी पत्र्याचं, भक्कम.

काम झाल्यावर दाजींनी ते आधी स्वतः तपासलं. पंच्याने स्वतःचा डावा हात कमरेला बांधून घेतला, डावा पाय ओढत ओढत आत गेले आणि कपड्यांसकट कट्ट्यावर बसून एका हाताने आंघोळ केली. मी दारात उभा राहून हसत होतो. ते मात्र गंभीर. साबण डाव्या बाजूला होता. तिकडे वळताना त्यांचा तोल गेला, तसे ते ओरडले, "बगा! पडली असती की!" दुसऱ्या दिवशी मिस्त्रीला बोलावून साबणाची जागा फोडून उजवीकडे केली. मिस्त्री मनातल्या मनात शिव्या देत होता, ते त्याच्या थापीवरून कळत होतं.

मग ती सकाळ आली. अक्का भिंतीला धरत, दांड्याला धरत आत गेली. दाजींनी दाराशी स्टूल घेतलं. आतून कडी लागल्याचा आवाज आला आणि पाठोपाठ अक्काचा, "जा तुमी तिकडं." दाजी उठले आणि अंगणात तुळशीपाशी जाऊन उभे राहिले. मी त्यांच्याकडे बघायचं टाळलं. बऱ्याच वेळाने कडी निघाली. अक्का ओल्या केसांनी, लुगडं स्वतःच गुंडाळून, अर्धवट गुंडाळून, पण स्वतः बाहेर आली. देव्हाऱ्यासमोर खुर्चीवर बसली. लुळा डावा हात उजव्या हाताने उचलून मांडीवर ठेवला, तळहात उघडला, त्यावर लिंग ठेवलं. माझ्या बहिणीला मी पुष्कळ वेळा पूजा करताना पाहिलं होतं. त्या दिवशी मला रडू आलं आणि मी ते लपवलंही नाही.

पुढचे काही महिने त्या घरात खरोखर सुखाचे गेले. येणाऱ्या-जाणाऱ्याला दाजी चहाच्या आधी न्हाणी दाखवायचे. पाहुण्याला कट्ट्यावर बसायला लावायचे, हात लांब करून तांब्या घ्यायला लावायचे. करकंबच्या एका जाडजूड व्याह्यांना त्यांनी असंच बसवलं, ते उठेनात, तेव्हा दांड्याचा उपयोग सिद्ध झाला म्हणून दाजींना कोण आनंद. अक्का रोज न्हायची, रोज पूजा करायची, रोज जेवायची. अंगही जरा भरलं तिचं.

गेल्या थंडीत एका सकाळी अक्काची आंघोळ झाली, ती पूजेला बसली आणि दाजी न्हाणीत गेले. अक्काच्या तळहातावर लिंग होतं, तेवढ्यात पाठीमागे काहीतरी धप्पकन पडलं. पूजेतून असं उठायचं नसतं. ती उठली. लिंग मुठीत तसंच धरून भिंतीच्या आधाराने दारापर्यंत गेली आणि ओरडली. शेजारची माणसं धावत आली. कडी दाजींनी लावली नव्हती. लोकांनी दार ढकललं तर ते बोटभर सरकलं आणि थांबलं. दाजी कट्टा आणि दार यांच्या मधे आडवे पडले होते, पाठ दाराला. जोर करावा तर दार त्यांच्या अंगावर जाणार. आतून ते कळवळले, "ढकलू नका, ढकलू नका." बिजागऱ्या आतल्या बाजूला, बाहेरून काढता येईनात. खिडकी वर आणि एवढीशी, तिच्यातून माणूस उतरणं शक्य नव्हतं. पत्रा कापायला कुणीतरी ग्रिलच्या कारखान्यातून कटर आणायला पळालं.

मी विजापूर रोडवरच्या माझ्या घरून रिक्षाने पोचलो तेव्हा कटर अजून आला नव्हता. अक्का दाराला गाल लावून जमिनीवर बसली होती, शेजाऱ्याने महेशला फोन लावून तो दाराच्या फटीशी धरला होता. आतून दाजींचा आवाज येत होता, बारीक, धाप लागलेला. ते तिच्याशी कानडीत बोलत होते. "हेदरब्याड," म्हणत होते, घाबरू नको, घाबरू नको. मी "दाजी!" म्हणून हाक मारली. ते म्हणाले, "मास्तर आले काय," आणि परत तिच्याशीच बोलायला लागले. मग बोलणं थांबलं. अक्का हाका मारत राहिली. दार कापून झालं, आम्ही त्यांना बाहेर काढलं, तेव्हा आत फक्त नळ चालू होता.

डॉक्टर म्हणाले, हृदयाचा झटका. लवकर आणलं असतं तर वाचले असते का, हे सांगता येत नाही. ते सांगता येत नाही, हेच मला आजही खातं. घरी जमलेल्यांपैकी एकजण हळूच म्हणाला, दार बाहेर उघडणारं असतं तर. मला त्या माणसाचा इतका राग आला की मी त्याला हाताला धरून अंगणाबाहेर काढलं. तो खरं बोलत होता, म्हणूनच राग आला.

शेवटची आंघोळ अंगणात घालायची ठरली, न्हाणीचं दार तर कापून पडलेलं. त्यांना पाटावर भिंतीला टेकवून बसवलं. गल्ली सगळी गोळा झाली होती. कुणीतरी अंगावरचं कापड काढायला हात घातला, तशी खुर्चीत बसलेली अक्का, जी तोवर रडलीही नव्हती, मोठ्याने म्हणाली, "चादर धरा की! सगळे बघायलेत न्हवं का!" महेशने आणि मी एक चादर दोन्ही बाजूंनी ताणून धरली. अक्का स्वतः मात्र चादरीच्या बाहेरच राहिली. पाणी ओतल्याचा आवाज ऐकत तिने मान खाली घातली.

दिवस झाल्यावर महेश तिला पुण्याला घेऊन गेला. तो चांगला मुलगा आहे, सूनही चांगली, त्यांना नावं ठेवायला जागा नाही. सोलापूरचं घर बंद आहे. मागच्या महिन्यात मी तिला भेटायला गेलो. त्यांच्या फ्लॅटमधलं बाथरूम दाजींच्या न्हाणीच्या दुप्पट असेल, गुळगुळीत, पांढरंशुभ्र. महेशने त्याचं दारच काढून टाकलंय. सकाळी एक बाई येते, ती अक्काला आंघोळ घालते. मी महेशला बाजूला घेऊन म्हटलं, "अरे, तिला स्वतःला करता येत होती. निदान एक दार बसव, बाहेर उघडणारं बसव." त्याचे डोळे भरून आले. "मामा, तुम्ही होता ना तिथे? मी फोनवर होतो. बाबांचा आवाज मी ऐकलाय. माझ्या घरात आता आई कुठल्याही बंद दाराआड नको."

बाई आली. अक्का मला म्हणाली, "तू जरा गॅलरीत जा." मी गेलो. तरी ऐकू येत होतं. "हात वर करा आजी. आता वळा. डोळे मिटा." तिला बाहेर आणून खुर्चीत बसवलं, केस पुसले, लुगडं नीट नेसवलं. सूनबाईंनी देव्हाऱ्यासमोर खुर्ची वळवली. अक्काने गळ्यातल्या लिंगाला हात लावला आणि परत खाली घेतला.

"आज राहू दे," ती म्हणाली.

सूनबाई मला हळूच म्हणाल्या, "आल्यापासून रोज असंच म्हणतात."

मी अक्काच्या शेजारी बसलो आणि का, असं विचारलं. ती म्हणाली, "आंगुळ झाल्याबिगर पूजा कशी करू?" तिचे केस अजून ओले होते. मग सूनबाईंनी तिच्यापुढे उपम्याची बशी ठेवली, आणि अक्काने ती मुकाट्याने जवळ ओढून घेतली.